कात्रीमावशी आणि उतरतं अंगण

कात्रीमावशीच्या अंगणाला टक्कल पडलं होतं. हे तिला तोंडावर सांगायची हिंमत गल्लीत एकाच माणसाला होती. तो म्हणजे निवृत्त पोस्टमन, कारण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. तरी तो दर पंधरवड्याला न चुकता यायचा, खुर्चीत ऐसपैस बसायचा, कानांवरची झालर सारखी करून घ्यायचा आणि आरशातून मागचं अंगण बघत म्हणायचा, की मावशी, आपल्या दोघांचं दुखणं एकच. फरक इतकाच की माझ्यावर पाऊस पडला तर चिखल होत नाही.

मावशीला हसू यायचं नाही. चिखलाने तिच्या नाकी नऊ आणले होते.

रस्ता वर आणि घर खाली, अशी ती जागा. फाटकातून आत आलं की बावीस पावलांचा उतार, मधोमध बदामाचं थोराड झाड, झाडाखाली वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक बाक, आणि उतार संपतो तिथे थेट दुकानाचा उंबरठा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वर-खाली होणारी एक खुर्ची, भिंतभर आरसा, फणी-कात्र्यांचं फडताळ. मागे स्वयंपाकघर आणि मावशीची खाट. सत्तावीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा त्याचं दुकान विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. बाईच्या हाताखाली मान द्यायला कोण येणार? तिने विकलं नाही. पहिल्या महिन्यात एकच गिऱ्हाईक आलं, तेही शेजारचं लहान पोर. दुसऱ्या महिन्यात त्याचा बाप आला. तिसऱ्या महिन्यापासून बाकावर जागा मिळेना. तेव्हापासून तिचं नाव कात्रीमावशी, आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर.

गेल्या पावसाळ्यात मात्र कहर झाला. एका दुपारी फाटक लावायला ती वर गेली आणि परत येताना पाय सटकला. तीन पावलं घसरली, चौथ्याला उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, दुकानाला कुलूप, आणि खुर्चीच्या पायपट्टीपर्यंत आलेला चिखल वाळून त्याला भेगा पडल्या, तरी काढायला हात नाही.

प्लास्टर निघालं त्या रविवारी मुलगा आणि सून आले. मुलगा फरशीवाला. गावात त्याच्या कामाचं नाव होतं. याच गल्लीत वरच्या बाजूच्या चार घरांची अंगणं त्याने बांधली होती. तो आत आलाच नाही. खिशातून टेप काढला, अंगण मापलं, कानावरची पेन्सिल घेऊन हिशेब भिंतीवर लिहिला आणि मगच चहाचा कप हातात धरला.

"जगाच्या अंगणात फरशी घालतो आणि आईच्या दारात चिखल," तो म्हणाला. "लोक मला हसतात. पुढच्या महिन्यात काम काढतो. झाड तेवढं आधी काढावं लागेल."

"झाड कशाला?"

"मुळं वर येतात ना. मुळावर फरशी घालणं म्हणजे झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर पाट मांडणं. ती कधीतरी उठणारच."

मावशी खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभी होती. दुकानाचं तोंड मावळतीला. दुपारचं ऊन दोन वाजता आत घुसायला निघतं आणि त्या झाडापाशी अडतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, पण ती तिने कुणाला कधी सांगितली नव्हती. सत्तावीस वर्षं ती दाराकडे पाठ करून काम करत आली. समोर गिऱ्हाइकाचं डोकं, त्याच्यापुढे आरसा, आणि आरशात दिवसभर ते झाड. नवऱ्याच्या पश्चात तिने इतका वेळ दुसऱ्या कशाकडेच बघितलं नव्हतं.

"झाड काढायचं नाही," ती म्हणाली. "चिखल मी थांबवते."

"कशाने?"

उत्तर तिच्याकडे होतं, पण अर्धंच. प्लास्टर घातलं त्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात ती दोन तास बसली होती. समोर उतार होता, तिच्या अंगणापेक्षा उभा. त्यावर काहीतरी हिरवं पसरलं होतं. गवत नव्हतं; छोटी गोल पानं, जमिनीला चिकटून, एकसलग. पाऊस धो-धो कोसळत होता आणि उतारावरून खाली येणारं पाणी मात्र चहाच्या रंगाचं नव्हतं. पाण्याच्याच रंगाचं होतं. मनगट ठणकत असताना ती त्या पाण्याकडेच बघत राहिली आणि निघताना एक डहाळी खुडून पर्समध्ये टाकली.

ही हकीकत मुलाने ऐकून घेतली आणि मग कप खाली ठेवला.

"ठीक. एक वर्ष देतो. पुढच्या पावसाळ्यात मूठभर चिखल जरी उंबरठ्याच्या आत आला, तर झाड जाईल आणि फरशी येईल. मग तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"नाही बोलणार."

आईंना एक शब्द न बोलताना मी अजून पाहिलेलं नाही, असं सून स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, आणि दोघांनीही तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

गावाबाहेरची रोपवाटिका एक पस्तिशीची बाई चालवायची. तिने पर्समधली वाळकी डहाळी तळहातावर घेतली, पाण्यात बुडवून उलगडली आणि सांगितलं की हा शोभेचा भुईमूग. बारा महिने हिरवा, पिवळी फुलं येतात, सावलीत कुरकुर करत नाही. मावशीने विचारलं शेंगा येतात का. बाई म्हणाली, खाण्यासारख्या नाहीत, तेवढी एक आशा सोडा.

मग तिने जे जे सांगितलं ते मावशीने पाठ करून घेतलं. आधी तण काढायचं, मुळासकट, दया नको. झाडाखाली खोल खणायचं नाही. बोटापेक्षा जाड मूळ लागलं की त्याला हात न लावता बाजूने जायचं. काड्या वीत-वीत अंतरावर लावायच्या, पण एकाखाली एक नाही. वरच्या दोघींच्या मधल्या फटीखाली तिसरी, म्हणजे पाण्याला खाली धावायला सरळ वाट मिळत नाही. पहिलं वर्ष फार काही दिसणार नाही, धीर धरायचा.

"धीर धरायला वर्षच आहे माझ्याकडे," मावशी म्हणाली. "दिसायलाही त्यातच हवं."

तण म्हणजे लव्हाळा. वरून पातं उपटलं की हातात येतं आणि खालची गाठ जमिनीत राहून हसते. आठवड्यात पुन्हा उभा. मावशीने खुर्चीची जुनी फाटकी गादी गुडघ्यांखाली घेतली आणि रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दोन तास, हातभर जागा करत करत, एकेक गाठ काट्याने उकरून काढली. तीन आठवडे लागले. पोस्टमन बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायचा आणि मधूनच विचारायचा की उवा काढताय का. मावशी मान वर न करता सांगायची, की हो, ज्यांना केस नाहीत त्यांनी घाबरू नये.

पाऊस ओसरता ओसरता तिने दोनशे काड्या लावल्या. पंधरा दिवसांत त्यांनी जीव धरला. महिन्याभरात प्रत्येकीला मूठभर पानं आली आणि चहूबाजूंनी बारीक धांदोटे, जमिनीलगत पळणाऱ्या फांद्या, बाहेर डोकावू लागले. इथेच मावशीने ती चूक केली.

सांगायचं म्हणजे, वेडीवाकडी सुटलेली बट बघून मावशीला झोप यायची नाही. रस्त्याने जाताना अनोळखी माणसाच्या कानामागे राहिलेला केस दिसला तरी तिची बोटं शिवशिवायची. संध्याकाळी दुकान बंद केलं की ती बारीक कात्री घेऊन अंगणात यायची आणि एकेका रोपाभोवती गोल फिरून बाहेर आलेला प्रत्येक धांदोटा छाटून टाकायची. कसं गोंडस, नीटनेटकं दिसायचं! आणि तिच्या मते ते भल्यासाठीच होतं. सत्तावीस वर्षं तिने आयांना हेच ऐकवलं होतं, की पोरीच्या केसांची टोकं कापत राहा, दाट होतील.

तीन महिने तिने हे नेमाने केलं. तीन महिन्यांनी अंगणात दोनशे सुबक गोल झुबके होते आणि त्यांच्यामध्ये जशीच्या तशी उघडी माती. पोस्टमनने निदान बदललं: आता टक्कल नाही, टकलावर ठिपके. मुलगा एका रविवारी आला, फाटकापाशी उभा राहून बघितलं आणि टेप काढून दोन झुबक्यांमधली माती मापली. ओरडला असता तर बरं, असं मावशीला वाटलं. जाताना सुनेच्या तोंडून कळलं, की झाड तोडणाऱ्याशी त्याने बोलून ठेवलंय.

मग एक दिवस रोपवाटिकेवाली केस कापून घ्यायला आली. फाटकातच थांबली. खाली वाकून एक झुबका हाताने उलटापालटा केला.

"मावशी, यांना कोण खातंय? शेळी पाळलीये का?"

"शेळी कशाला? मीच छाटते रोज. दाट व्हावं म्हणून."

बाई आधी पोट धरून हसली. हसून झाल्यावर तिला मावशीचा चेहरा दिसला आणि ती तिथेच उकिडवी बसली. बाकाच्या पायाआड एक धांदोटा कात्रीच्या नजरेतून सुटला होता. तिने तो अलगद उचलायला घेतला, तर तो येईना. जमिनीला धरून होता. हलकेच ओढल्यावर पेराशी पांढरी दोऱ्याएवढी मुळं दिसली.

"हे बघा. प्रत्येक पेराला पाय फुटतो. जमिनीला टेकलं की तिथे पकडतं, मग पुढचं पेर, मग त्याच्या पुढचं. असं चालत चालत ते अंगण झाकतं. तुम्ही रोज संध्याकाळी त्यांचे पाय कापताय."

मावशीने दोऱ्याएवढी मुळं बघितली. मग सगळं अंगण बघितलं. तीन महिने म्हणजे नव्वद संध्याकाळी. जगवायला पंधरा दिवस लागले आणि रोखायला तीन महिने, आणि दोन्ही कामं तिने सारख्याच मायेने केली होती. तिने बाईला आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि केस कापले, पण त्या दिवशी तिच्या कात्रीचा आवाज एकसारखा येत नव्हता.

"आता काय करू?" शेवटी तिने आरशातून विचारलं.

"काही करू नका. हीच तर गंमत आहे. वाढू द्या. वाऱ्याने उचलतात, तेवढे टेकवून ठेवा जमिनीला. दगड ठेवा, तारेचा तुकडा ठोका."

दगड मावशीला पटला नाही. अंबाडे बांधण्यासाठी फडताळात तिच्याकडे आकड्यांचा डबा होता, काळे, दोन पायांचे आकडे. तिने एक धांदोटा जमिनीवर सरळ केला, पेराजवळ आकडा टोचला, बोटाने दाबला. बसला. अशी चापूनचोपून वेणी घातल्यासारखी ती रोज संध्याकाळी पन्नास धांदोटे बसवू लागली. वीस दिवसांत पेर धरलं की आकडा उपटायचा आणि पुढच्या पेराला लावायचा. डबा पुरेना. गिऱ्हाइकांना कळल्यावर घरोघरचे गंजके आकडे पुड्यांतून यायला लागले. बारीक कात्री तिने फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकली, तिथे स्टुलाशिवाय हात पोचायचा नाही. पहिले काही दिवस स्टूल दोनदा ओढलं आणि दोनदा परत ठेवलं.

उन्हाळा आला. बदामाची पानं लाल होऊन गळायला लागली, एकेक पान ताटलीएवढं. एक पान पडलं की त्याखाली चार कोंब गुदमरायचे. मावशी ती पानं वेचायची, कुसकरायची आणि अजून उघड्या असलेल्या मातीवर पसरायची, म्हणजे ओल टिकते. दिवस उजाडायच्या आत पाणी. त्या उन्हाळ्यात हिरवा रंग खरंच चालायला लागला. झुबक्यांच्या कडा एकमेकांना भिडल्या. आरशात झाडाखाली सावली असायची, आता सावलीखाली आणखी एक रंग दिसायला लागला. पोस्टमननेही मान्य केलं, की आपली जोडी फुटली.

आणि मग पावसाळ्याच्या दोन महिने आधी, एका दुपारी, अवकाळी आला.

पोस्टमन खुर्चीत होता. एका कानाची झालर झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती. आभाळ अचानक फाटलं. मावशी कात्री हातात घेऊनच दारात धावली. फाटकाशी पाण्याचा लोट असा आत शिरला, की कुणी बादल्याच ओतत असावं. वरच्या कोपऱ्यातली रोपं, आकडे, माती, सगळं एका दमात उखडलं. हात कोपरापर्यंत जाईल एवढी चर पडली. खालच्या रोपांनी बरीचशी माती धरली, तरी एक तपकिरी ओघळ उंबरठा ओलांडून खुर्चीपर्यंत आलाच.

एवढं पाणी? हा पाऊस अर्धा तासही पडलेला नाही, आणि तिच्या अंगणात तर झाडाचं छत्र. मावशीने छत्री उघडली आणि पोस्टमनला चादरीसकट तसाच सोडून पाण्याच्या उलट दिशेने रस्ता चढायला लागली.

पहिलं घर. अंगणात पांढरी फरशी, फाटकाकडे उतार, पाणी पत्र्यावरून घसरावं तसं बाहेर. दुसरं घर, करडी फरशी, तसंच. तिसरं, चौथं. चारही अंगणांत एक बोट माती उघडी नव्हती. पाण्याला थांबायला, मुरायला कुठे जागाच नाही. चार अंगणांचं पाणी रस्त्यावर आणि रस्त्याचं पाणी कात्रीमावशीच्या फाटकात. आणि काम काय चोख! सांधे सरळ, उतार एकसारखा, एक थेंब कुठे साचत नव्हता. कुणाचं आहे ते तिला विचारावं लागलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

ती परत आली तेव्हा पोस्टमन एका कानाने नीटस आणि दुसऱ्याने झिपरा असा निमूट बसून होता. काय झालं म्हणून त्याने विचारलं. पाणी बघून आले, एवढंच ती म्हणाली आणि दुसरा कान हातात घेतला.

रविवारी मुलगा आला. चरीकाठी उभा राहिला. टोमणा मारेल म्हणून मावशी कंबर कसून तयार होती, पण तो हळू आवाजात बोलला, आणि ते जास्त कठीण होतं.

"आई, पुरे आता. तू खूप केलंस. कुणी इतकं केलं नसतं."

ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. चार घरं, एकेकाच्या फरशीच्या रंगासकट. ती उच्चारायचाच अवकाश. पण तिला पुढचंही दिसत होतं. तो चिडेल. मग वाद. मग कुणाच्या उताराचा दोष आणि कुणाच्या रस्त्याचा, यावर दोन रविवार. आणि दोष कुणाचा हे ठरल्याने चर भरत नाही. तिने वाक्य गिळलं.

"अट पावसाळ्याची आहे," ती म्हणाली. "हा पावसाळा नव्हे."

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टीची पाटी लावून ती रोपवाटिकेत गेली. पाणी जोरात येतं, त्याला आधी दमवायला काहीतरी दे, असं तिने सांगितलं. बाईने मोंडो गवताचे गड्डे दाखवले: गडद हिरवी, ताठ, चिवट पाती, जणू न विंचरलेलं राठ डोकं. मुळं दाट, बारा महिने तसंच राहतं. पण दोन महिन्यांत कितीसं धरणार, याची बाईला शंका होती. जमेल तेवढं जमेल, असं ती म्हणाली.

"तेवढ्यावर माझं भागणार नाही," मावशी म्हणाली आणि गड्डे टेम्पोत चढवायला लागली.

घरी तिने एकेका गड्ड्याचे पाच केले. बोटांनी मधोमध भांग पाडायचा, मुळं न तोडता सोडवायची, मग दोन्ही बाजूंना ओढायचं. गुंता सोडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चर दगडमातीने भरली. तिच्यावर उताराला आडव्या तीन ओळी, धनुष्यासारख्या वाकवलेल्या, रोपाला रोप खेटून. प्रत्येक ओळीच्या वरच्या अंगाला थाळीसारखा उथळ खोलगट भाग ठेवला, म्हणजे पाणी तिथे दम खाईल. ओळींच्या मधे पुन्हा भुईमूग, पुन्हा आकडे. मोडलेलं मनगट संध्याकाळी सुजायचं. ती त्यावर टॉवेल गुंडाळायची आणि सकाळी सोडायची. एका गिऱ्हाइकाने सहज म्हटलं की या वयात एवढं कशाला, तर मावशीने त्याची मान जरा जास्तच पुढे वाकवली आणि मशीन चालू केलं.

पावसाळा लागला. पहिले काही आठवडे तो रिमझिमत राहिला, आणि त्या रिमझिमीने मोंडो गवताला हवा होता तो वेळ दिला. अंगणात आता माती शोधावी लागायची. पण असल्या पावसात कुणाचंही अंगण गुण दाखवतं, हे मावशी जाणून होती. ती खऱ्या पावसाची वाट बघत होती.

तो आला तेव्हा सकाळचे अकरा झाले होते. दुकानात चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावरून रेनकोटातला एक माणूस धावत आला, फाटक ढकललं आणि कडेकडेने उतरत दारात उभा राहिला. मुलगा होता. पावसामुळे काम बंद पडलंय म्हणून आलो, असं तो म्हणाला. त्याचं काम त्या दिवशी घराच्या आत होतं हे मावशीला सुनेकडून ठाऊक होतं. तिने तो विषय काढला नाही. दोघं उंबरठ्याच्या आत शेजारी शेजारी उभी राहिली.

पाणी आलं. अवकाळीपेक्षा दुप्पट. फाटकातून धडक मारून पहिल्या ओळीवर आदळलं. ताठ पाती वाकली. पाणी थाळीत चढलं, भरलं, डावी-उजवीकडे पसरलं आणि मग पात्यांमधून गळत खाली उतरलं. दुसऱ्या ओळीपर्यंत त्याचा अर्धा जोर गेला होता. तिसरी ओळ ओलांडून ते भुईमुगात शिरलं आणि दिसेनासंच झालं. नुसती पानं थरथरत होती. खाली, उंबरठ्यापाशी, ते पुन्हा बाहेर आलं. बोटभर उंचीचा पातळ पडदा, उंबरठ्यापुढच्या दगडावर सरकत येणारा. त्याच्यातून दगडाच्या रेषा दिसत होत्या.

मुलाने वाकून त्यात हात घातला. बोटं चोळून बघितली.

"एवढं पाणी येतं तरी कुठून?"

"तुझ्याकडून," मावशी म्हणाली.

"काय?"

"वरच्या चार घरांतून. चारही अंगणं तुझी. उतार एकदम बरोबर काढलायस. एक थेंब थांबत नाही."

 त्याने दारातून डोकं बाहेर काढून रस्त्याकडे बघितलं. कारागीर माणूस, एकदा नजर पडल्यावर उताराची भाषा त्याला कुणी समजवायची गरज नव्हती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"अवकाळी आला त्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर भांडलो असतो. मला रोपं लावायची होती."

तो काही म्हणणार, एवढ्यात मावशीला ते दिसलं. डाव्या कोपऱ्यात, भिंतीलगत. गिऱ्हाइकं फाटकातून बाकाकडे तिरकी जातात, तिथे पायांनी रोपं मेली होती आणि हातभर माती उघडी पडली होती. तिथून करंगळीएवढा तपकिरी ओघळ निघाला होता. तो भिंतीच्या कडेने आला, उंबरठ्यावर चढला आणि आत उतरला. मुलाची पाठ तिकडे होती. मावशीच्या पायापाशी पायपुसणं होतं. एक पाऊल सरकवलं असतं तरी झाकलं गेलं असतं.

तिने गुडघे टेकले. आत आलेला चिखल बोटांनी गोळा केला, तळहातावर घेतला आणि उठून त्याच्यासमोर धरला.

"हा आत आलाय."

मुलाने तळहात बघितला. आईचा चेहरा बघितला. बाहेर पाऊस कोसळतच होता. त्याने तिचं मनगट हळूच धरलं, तेच ते, आणि तळहात उजेडाकडे वळवला, एखादी फरशी घेताना तडा तपासावा तसा.

"ही मूठ नाही," तो म्हणाला. "चिमूट आहे."

"चिमूट तर चिमूट. आत आलाय ना?"

"अट मुठीची होती. मी घातली होती, मला माहीत आहे."

मग त्याने रेनकोटाच्या आत हात घालून फोन काढला आणि झाड तोडणाऱ्याला सांगितलं, की यायचं नाही. पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. पुढच्या वर्षीही नाही, असं तो म्हणाला आणि फोन ठेवला. वरच्या घरांचं तो आपणहून बोलला. प्रत्येक अंगणात भिंतीकडेच्या फरशीची एकेक ओळ उचलून माती मोकळी करता येईल. मालक कुरकुरतील, पण काम त्याचं आहे, तो बघून घेईल. मावशीने ऐकून घेतलं, पण तिचं लक्ष कोपऱ्याकडे होतं.

"बाक धर," ती म्हणाली.

"आत्ता?"

"तो झाडाच्या त्या अंगाला नेला, की लोक तिरके जाणार नाहीत. धर."

दोघांनी भर पावसात बाक उचलला आणि पलीकडे नेऊन टेकवला. मुलगा आत आला, डोकं पुसायला टॉवेल घेतला, मागे बघतो तर आई नाही. ती झाडापाशी होती. जिथे भुईमूग सगळ्यात दाट होता तिथून तिने धांदोटे मुळांसकट सोडवून ओच्यात भरले, भिंतीलगत येऊन चिखलात बसली आणि बोटाने भोक पाडून एकेक लावायला लागली.

"आई, पाऊस तरी थांबू दे."

"पाऊस आहे म्हणूनच लावतेय," ती म्हणाली आणि दुसऱ्या ओळीला पहिलीतल्या दोन रोपांच्या मधली फट धरली.